रोझींच्या चित्रपटात नायक का दिसत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. फ्रान्चेस्को रोझी हे इटलीचे मोठे राजकीय दिग्दर्शक, असं ठिकठिकाणी वाचून तुम्ही 'साल्वातोरे जुलियानो' लावलात आणि तासाभरात बंद केलात. ज्याच्या नावाचा चित्रपट आहे तो माणूसच धड दिसत नाही, काळ सारखा पुढे-मागे होतो, आणि दिग्दर्शक कोणाच्या बाजूनं बोलतोय हे कळत नाही, अशी तुमची तक्रार. पुढे तुम्ही विचारलंय की रोझींचे चित्रपट कुठून पाहायला घ्यावेत, हा माणूस नक्की कोणत्या पक्षाचा होता, आणि पुढे 'कार्मेन'सारखे चित्रपट करून त्यानं राजकारण सोडलं का. शेवटी तुम्ही हेही लिहिलंय की तुमच्या तालुक्यातल्या एका जमीन प्रकरणावर माहितीपट करायचा विचार आहे. मला वाटतं, हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मी माहितीपटांचं संकलन करते आणि रसग्रहणाचे वर्गही घेते. रोझींकडे मी संकलकाच्या नजरेनं पाहते, हे आधी सांगून टाकलेलं बरं. छायालेखक किंवा इतिहासाचा प्राध्यापक कदाचित वेगळ्या चित्रपटापासून सुरुवात करायला सांगेल.

तुमची अडचण कथा न कळण्याची नाही. तुम्ही ज्या माणसाच्या मागे जायला निघालात, त्याच्या मागे रोझींना जायचंच नव्हतं. त्यांना जायचं होतं त्या माणसाभोवती साचलेल्या खोटेपणाच्या मागे. एकदा हे लक्षात आलं की काळाच्या उड्याही जागच्या जागी बसतात. पण त्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी, आणि ती चित्रपट देत नाही. १९६२ मधल्या इटालियन प्रेक्षकाला ती वर्तमानपत्रांतून पाठ होती. आपल्याला नाही. म्हणून तुम्ही तो चित्रपट अर्ध्यावर सोडलात यात तुमच्या आकलनाचा प्रश्न नाही.

रोझींचा जन्म १९२२ चा, नेपल्सचा. शिक्षण कायद्याचं. वकिली कधी केली नाही, पण पुढचं सगळं काम पाहिलं की तो अभ्यास वाया गेला नाही असंच वाटतं. तरुणपणीच्या मित्रमंडळात लेखक राफाएले ला काप्रिया होते आणि पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्जो नापोलितानोही होते. युद्धानंतर रोझी रोममध्ये आले, आधी रंगभूमीवर काम केलं, आणि मग दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोन्तींचे सहायक झाले. तो चित्रपट होता 'ला तेर्रा त्रेमा', १९४८ चा. सिसिलीतल्या आची त्रेझ्झा या कोळ्यांच्या गावात अनेक महिने चित्रीकरण चाललं. नट म्हणून खरेच कोळी, भाषा त्यांची स्वतःची बोली, आणि हातात ठरलेली बांधीव पटकथा नाही. ती बोली बाकीच्या इटलीला कळेना, म्हणून नंतर निवेदन जोडावं लागलं. अशा परिस्थितीत कुठल्या शॉटमध्ये कोण कुठे उभं होतं, होडी कुठल्या बाजूला होती, कोणाच्या अंगावर काय होतं, याची नोंद ठेवणं हे रोझींचं काम. त्यांनी चित्रं काढून वह्या भरल्या. त्यांचे कागद पुढे तुरीनच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे गेले.

मी वर्गात या वह्यांबद्दल मुद्दाम बोलते. राजकीय दिग्दर्शक म्हटलं की आपल्याला आधी भाषण आठवतं. रोझींची सुरुवात मात्र नोंदवहीपासून झाली: काय होतं, कुठे होतं, कोणी पाहिलं. ही सवय त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

पहिला स्वतंत्र चित्रपट 'ला स्फीदा', १९५८. नेपल्सच्या भाजीबाजारावर कामोर्रा टोळ्यांचा कसा ताबा होता, शेतकऱ्याकडून माल किती भावानं उचलायचा हे कोण ठरवत होतं, त्याची ही गोष्ट. एका खऱ्या खून प्रकरणावर आधारलेली. व्हेनिस महोत्सवात त्याला ज्यूरीचं विशेष पारितोषिक मिळालं. पुढच्या वर्षी 'इ माल्यारी', जर्मनीत फसवाफसवी करून कापड विकणाऱ्या इटालियन फेरीवाल्यांवरचा. दोन्ही चांगले आहेत, पण त्यांत अजून नायक आहे, त्याचा उदय आहे, त्याचा अंत आहे. घाईत असाल तर हे दोन नंतर पाहिलेत तरी चालतील.

आता तुम्ही सोडलेला चित्रपट. साल्वातोरे जुलियानो हा पश्चिम सिसिलीतल्या मोन्तेलेप्रे गावचा दरोडेखोर. युद्ध संपता संपता सिसिलीला इटलीपासून वेगळं करू पाहणाऱ्यांनी त्याला आपल्या सेनेत कर्नल केलं. ते आंदोलन विरलं, पण टोळी उरली. २० एप्रिल १९४७ ला सिसिलीच्या प्रादेशिक निवडणुकीत डाव्या आघाडीला सर्वाधिक मतं पडली. त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी, १ मे रोजी, पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा या खिंडीत कामगारदिनासाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर डोंगरावरून गोळीबार झाला. ११ जण मेले. गोळ्या जुलियानोच्या टोळीच्या होत्या. हुकूम कोणाचा होता, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय.

५ जुलै १९५० ला कास्तेलवेत्रानो गावात एका घराच्या अंगणात जुलियानोचं प्रेत सापडलं. पोलिसांनी सांगितलं, चकमकीत मेला. तोम्माझो बेझोत्सी या पत्रकारानं 'लेउरोपेओ' साप्ताहिकात लिहिलेल्या वृत्तांताच्या मथळ्याचा आशय असा होता: खात्रीनं एवढंच सांगता येतं की तो मेला आहे. जुलियानोचा उजवा हात गास्पारे पिशोत्ता यानं पुढे पोर्तेल्लाच्या गोळीबाराबद्दल व्हितेर्बो शहरात चाललेल्या खटल्यात सांगितलं की मीच त्याला मारलं, आणि तेही गृहमंत्र्यांशी ठरवून. हा पिशोत्ता फेब्रुवारी १९५४ मध्ये पालेर्मोच्या तुरुंगात स्ट्रिक्नीनच्या विषानं मेला.

आता हे डोक्यात ठेवून चित्रपटाची सुरुवात पुन्हा पाहा. अंगण, उन्हात पालथं पडलेलं प्रेत, आणि एक अधिकारी सपाट आवाजात पंचनामा लिहून घेतोय: कपडे, शस्त्र, जखमा. म्हणजे पहिल्याच प्रसंगात रोझी तुमच्या हातात एक सरकारी कागद देतात आणि पुढचे दोन तास त्या कागदाशी भांडतात. १९५० वरून १९४५, मग पुन्हा १९५०, मग व्हितेर्बोचं न्यायालय, या उड्या कलात्मक चमत्कृती म्हणून आलेल्या नाहीत. प्रत्येक वेळी एखादं विधान पुढे येतं आणि चित्रपट ते तपासायला मागे जातो. आम्ही संकलनाच्या टेबलावर दोन दृश्यं जोडतो तेव्हा मधला दुवा बहुतेकदा 'आणि मग' असा असतो. रोझींचा दुवा 'असं म्हणतात, पण' असा आहे. तो ऐकू यायला लागला की चित्रपट कोडं राहत नाही.

जुलियानो दिसत का नाही? तो दिसतो, पण लांबून, पांढऱ्या कोटातली एक आकृती म्हणून. जवळून चेहरा दाखवला असता तर प्रेक्षक त्याच्या प्रेमात पडला असता नाहीतर द्वेषात. दोन्हीकडे त्याला वापरणारे सुटले असते. रोझींनी चेहरे दिले ते मोन्तेलेप्रेच्या लोकांना. चित्रीकरण प्रत्यक्ष जागांवर झालं, आणि मुख्य भूमिकांत व्यावसायिक नट जेमतेम दोन: पिशोत्ता झालेला फ्रँक वोल्फ आणि न्यायाधीश झालेले साल्वो रांदोने. बाकी गावकरी. सैनिक घराघरातून पुरुषांना धरून नेतात आणि गावातल्या बाया गल्लीतून लोंढ्यानं धावत येतात, तो प्रसंग पाहा. पोर्तेल्लाचा प्रसंग पाहा, तोही खऱ्या खिंडीत चित्रित झालेला, त्या भागातल्या लोकांना घेऊन, गोळीबारानंतर पंधरा वर्षांच्या आतच. तिथे कॅमेरा खाली, माणसांत आहे. गोळ्या येतात ते डोंगर दिसतात, गोळ्या झाडणारे दिसत नाहीत. कारण हुकूम देणारा चित्रपटालाही माहीत नाही, आणि माहीत नसलेलं दाखवायचं नाही, हा त्यांचा नियम. जान्नी दी व्हेनान्झो यांचं छायाचित्रण इतकं लख्ख आहे की उजेडात सगळं स्पष्ट दिसतं आणि तरी काही कळत नाही. मला चित्रपटकलेत यापेक्षा प्रामाणिक फार थोडं माहीत आहे.

बर्लिन महोत्सवात १९६२ ला त्यांना या चित्रपटासाठी उत्कृष्ट दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इटलीच्या संसदेनं माफियाच्या चौकशीसाठी आयोग नेमण्याचा कायदा केला. त्याचं सगळं श्रेय चित्रपटाला देणं चूक ठरेल, ती मागणी जुनीच होती. पण लोकांच्या बोलण्यात हा विषय उघडपणे आणण्यात चित्रपटाचा वाटा होता, हे नाकारता येणार नाही.

तरीही सुरुवात तुम्ही याच्यापासून करू नका. मी वर्गात नेहमी पुढच्या वर्षीच्या चित्रपटापासून सुरू करते: 'ले मानी सुला चित्ता', १९६३. 'हँड्स ओव्हर द सिटी' या नावानं शोधा. व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळालेला. मराठी वाचकाला याची पार्श्वभूमी शिकवावी लागत नाही.

पहिल्याच प्रसंगात बिल्डर एदोआर्दो नोत्तोला शहराबाहेरच्या शेतजमिनीवर उभा राहून सोबतच्यांना गणित समजावतो. आज ही जमीन मातीमोल आहे. उद्या महापालिका इथे रस्ता, पाणी, वीज आणणार. मग पाच हजार टक्के नफा, आणि तोही बिनजोखमीचा. फक्त शहर या दिशेनं वाढलं पाहिजे, आणि शहर कोणत्या दिशेनं वाढायचं हे नकाशावर ठरतं. नोत्तोला स्वतः नगरसेवकही आहे. नंतर जुन्या वस्तीत त्याच्याच कंपनीच्या कामाशेजारची एक इमारत कोसळते. माणसं मरतात, एका लहान मुलाचे पाय जातात. विरोधी नगरसेवक दे व्हिता चौकशीची मागणी करतो. समिती नेमली जाते. समिती या खात्यातून त्या खात्यात फिरते, प्रत्येक अधिकारी आपल्या टेबलावरचा कागद दाखवतो, आणि प्रत्येक कागद नियमात बसतो. इमारत पडली, माणसं मेली, पण कागदोपत्री कुणाचंच काही चुकलेलं नाही.

हा चित्रपट घडवणारं नेपल्स खरं होतं. पन्नाशीच्या दशकात आकील्ले लाउरो हा जहाजमालक तिथला महापौर होता आणि त्या काळात शहराच्या टेकड्यांवर सिमेंटचं जंगल उभं राहिलं. रोझी आणि ला काप्रिया दोघंही त्याच शहरात वाढलेले, पटकथेत दोघांचा हात. शेवटी पडद्यावर मजकूर येतो, त्याचा आशय असा: पात्रं आणि घटना काल्पनिक आहेत, पण ज्या सामाजिक वास्तवातून त्या निर्माण होतात ते खरं आहे. नेहमीची 'साम्य आढळल्यास योगायोग समजावा' ही पाटी त्यांनी अशी उलटी केली.

एक भूमिका मुद्दाम लक्ष देऊन पाहा. दे व्हिताचं काम कार्लो फेर्मारियेल्लो यांनी केलंय. ते नट नव्हते. ते नेपल्सचे खरेखुरे कामगारनेते आणि कम्युनिस्ट नगरसेवक होते. समोर नोत्तोला म्हणून अमेरिकन नट रॉड स्टायगर, 'मेथड अ‍ॅक्टिंग'चं, म्हणजे पात्र आतून जगायच्या अभिनयपद्धतीचं, शिक्षण घेतलेला. म्हणजे सत्तेच्या बाजूला कसलेला नट, आणि विरोधाच्या बाजूला खरा माणूस, ज्याला सभागृहात ओरडायची सवय आहे. सभागृहातल्या गदारोळात सत्ताधारी नगरसेवक दोन्ही हात वर करून आमचे हात स्वच्छ आहेत असं ओरडतात, त्या प्रसंगाची ताकद या निवडीतून येते.

आता तुमचा दुसरा प्रश्न सुटतो: रोझी कोणाच्या बाजूचे? सहानुभूती डावीकडे, हे उघड आहे, त्यांनी ती लपवली नाही. पण त्यांचे चित्रपट पक्षाच्या कामाचे नव्हते, कारण ते कोणालाच निर्दोष सोडत नाहीत. या चित्रपटात सगळ्यात घाण राजकारण मध्यममार्गी पक्षाचा दे अँजेली करतो, अत्यंत सभ्य भाषेत. निवडणुकीआधी नोत्तोला उजव्यांना सोडून मध्यात जातो आणि निवडणुकीनंतर बांधकाम खातं त्याच्याच हाती येतं. दे व्हिताचा राग योग्य आहे, पण त्याच्याकडे आकडे नाहीत, मतं नाहीत, आणि ते रोझी गाळत नाहीत. पुढे १९७६ च्या 'कादाव्हेरी एच्चेल्लेन्ती'त, जो लिओनार्दो शाशा यांच्या कादंबरीवर आहे, त्यांनी कम्युनिस्ट पक्षालाही सोडलं नाही. सत्य नेहमीच क्रांतिकारक असतं असं नाही, या अर्थाचं वाक्य तिथे पक्षाच्याच माणसाच्या तोंडी शेवटी येतं. पक्षातल्या बऱ्याच जणांना ते झोंबलं.

प्रचारपटात प्रेक्षकाला कोणावर रागवायचं ते सांगितलं जातं. रोझी सांगतात की निर्णय कुठल्या खोलीत, कुठल्या क्रमानं झाला. राग येणं न येणं तुमच्यावर.

या सगळ्याचं टोक म्हणजे 'इल कासो मात्तेई', १९७२. एन्रिको मात्तेई हे युद्धानंतर इटलीच्या सरकारी तेल कंपनीचे सर्वेसर्वा. मोठ्या आंतरराष्ट्रीय तेल कंपन्यांची मक्तेदारी मोडून थेट उत्पादक देशांशी करार करणारा, पक्षांना वापरून घेणारा, स्वप्नाळू आणि तितकाच अरेरावी माणूस. २७ ऑक्टोबर १९६२ ला कातानियाहून मिलानला येताना त्यांचं छोटं विमान बास्कापे गावाजवळ कोसळलं. वैमानिक आणि एक अमेरिकन पत्रकार यांच्यासह तेही गेले. तेव्हाच्या चौकशीनं घातपात मानला नाही.

रोझींनी यात काय केलं ते संकलकाच्या नजरेनं सांगते. जान मारिया व्होलोन्ते मात्तेई झालेत आणि त्यांचा अभिनय जबरदस्त आहे, पण तो अभिनय सलग वाहू दिलेला नाही. मध्येच बातमीपट, मध्येच मुलाखत, मध्येच स्वतः रोझी पडद्यावर येऊन चौकशी करताना दिसतात. विमान कशानं पडलं याची एकच आवृत्ती चित्रपट निवडत नाही. अपघात, घातपात, कोणाला फायदा होता, कोणी काय पाहिलं, सगळं टेबलावर मांडलं जातं. आणि चित्रपटाच्या तयारीच्या काळातच एक भयंकर गोष्ट घडली. मात्तेईंचे सिसिलीतले शेवटचे दोन दिवस शोधून काढायचं काम रोझींनी पालेर्मोच्या 'लोरा' दैनिकाचे पत्रकार माउरो दे माउरो यांना दिलं होतं. १६ सप्टेंबर १९७० च्या रात्री त्यांना घराजवळून पळवलं गेलं. ते पुन्हा कधीच सापडले नाहीत. रोझींनी हेही चित्रपटात घातलं.

कान महोत्सवात त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला आणि एलियो पेत्री यांच्या चित्रपटाला विभागून मिळालं. दोन्हीत प्रमुख भूमिका व्होलोन्तेंची. नव्वदच्या दशकात पावियाच्या सरकारी वकिलांनी मात्तेई प्रकरण पुन्हा उघडलं आणि विमान स्फोटकानं पाडलं गेलं असा निष्कर्ष काढला. करणारे कोण, हे निश्चित झालं नाही. म्हणजे रोझींनी १९७२ मध्ये जो प्रश्न उघडा ठेवला, तो चुकीच्या ठिकाणी उघडा ठेवला नव्हता. त्यांनी तेव्हा एखादं ठाम उत्तर चिकटवून दिलं असतं, तर आज तो चित्रपट शिळा झाला असता.

याच्या आगेमागे दोन चित्रपट आहेत, त्यांच्यावर फार रेंगाळत नाही. 'उओमिनी कोंत्रो' (१९७०) हा एमिलियो लुस्सू यांच्या पहिल्या महायुद्धाच्या आठवणींवरचा. सैनिकांना निरर्थक चढाईत मरायला पाठवणाऱ्या सेनापतींवर. त्याबद्दल रोझींवर सैन्याच्या बदनामीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. 'लकी लुचियानो' (१९७३) मला वाटतं त्यांचा सगळ्यात दुर्लक्षित चांगला चित्रपट. माफियाचा सरदार जवळजवळ काहीच करत नाही, आणि त्याच्या मागावर असलेला अमेरिकन अधिकारी चार्ल्स सिरागुसा यानं स्वतःचीच भूमिका केलीय.

मग त्यांनी राजकारण सोडलं का? मला तसं वाटत नाही, पण इथे मतभेदाला जागा आहे. १९७९ मध्ये त्यांनी कार्लो लेव्हींच्या पुस्तकावरून 'ख्रिस्तो सी ए फेर्मातो आ एबोली' केला. फॅसिस्ट राजवटीनं तुरीनच्या या चित्रकार-डॉक्टरला १९३५ मध्ये दक्षिणेतल्या एका दुर्गम गावात स्थानबद्ध केलं होतं. इथे चौकशी नाही, पंचनामा नाही. एक शहरी माणूस शेतकऱ्यांचं ऐकायला शिकतो, एवढंच. १९८१ चा 'त्रे फ्रातेल्ली' आणखी घरगुती: आई गेली म्हणून तीन भाऊ दक्षिणेतल्या गावी परततात. एक न्यायाधीश, ज्याच्या जिवाला दहशतवाद्यांपासून धोका आहे. एक बालसुधारगृहातला शिक्षक. एक कारखान्यातला कामगार. त्या दशकाचं सगळं राजकारण एका घरात येऊन झोपतं, आणि म्हातारा बाप नातीचा हात धरून शेतात फिरतो. ज्यांना हा चित्रपट राजकीय वाटत नाही, त्यांनी न्यायाधीश आणि कामगार भावांमधलं बोलणं पुन्हा ऐकावं.

'कार्मेन' (१९८४) हा ऑपेराचा चित्रपट. प्लासिदो दोमिंगो त्यात गातात. उत्तम आहे, आणि स्पेनची ऊन-धूळ त्यात खरी आहे, पण त्यात मी राजकारण शोधत नाही. गार्सिया मार्केझच्या लघुकादंबरीवरचा १९८७ चा चित्रपट मला जमलेला वाटत नाही. सगळ्यांना आधीपासून माहीत असलेला खून कोणीच थांबवत नाही, हा विषय रोझींच्या हाताचाच होता, तरी देखणेपणानं तो झाकला. १९९७ चा शेवटचा चित्रपट 'ला त्रेग्वा', लेखक प्रीमो लेव्हींच्या आउशविट्झच्या नाझी छळछावणीतून घरी परतण्याच्या प्रवासावरचा, जॉन टर्टुरो प्रमुख भूमिकेत. त्याच्या निर्मितीच्या काळात त्यांचे जुने सोबती, छायालेखक पास्क्वालिनो दे सान्तिस आणि संकलक रुज्जेरो मास्त्रोयान्नी, दोघेही वारले. नंतर ते नेपल्सच्या नाट्यपरंपरेकडे वळले आणि एदुआर्दो दे फिलिप्पोंची नाटकं बसवली. २०१२ मध्ये व्हेनिसनं त्यांना कारकीर्दीसाठी सुवर्णसिंह दिला. १० जानेवारी २०१५ ला रोममध्ये ते गेले.

मधे १९९२ चा 'दियारिओ नापोलेतानो' हा माहितीपट येतो. 'ले मानी सुला चित्ता'नंतर तीस वर्षांनी रोझी नेपल्सला परत जातात, तोच चित्रपट दाखवून चर्चा घडवतात, आणि शहरात फिरतात. राजकारण सोडलेला माणूस हे करत नाही.

म्हणून क्रम असा घ्या: आधी 'ले मानी सुला चित्ता', मग 'इल कासो मात्तेई', मग वरची पार्श्वभूमी हाताशी ठेवून 'साल्वातोरे जुलियानो', आणि त्यानंतर 'त्रे फ्रातेल्ली'. इटलीचा इतिहास आधीच माहीत असेल तर कालक्रमानं पाहिलेत तरी हरकत नाही. 'एबोली' पाहाल तेव्हा दूरदर्शनसाठीची चार भागांची लांब आवृत्ती मिळाली तर तीच पाहा. चित्रपटगृहातली छोटी आवृत्ती त्या गावाचा संथपणाच कापून टाकते.

आता तुमचा माहितीपट. रोझींसारखं करता येईल का, हे तुमच्या हातात काय आहे यावर अवलंबून आहे. त्यांच्यामागे निर्माते होते, मोठे नट होते, प्रकरण गाजलेलं होतं. तुमच्याकडे कदाचित एक कॅमेरा आणि माहिती अधिकारात मिळालेले कागद असतील. पण पद्धत तीच वापरता येते. मी अशा फिल्मवर काम करते तेव्हा प्रत्येक तुकड्याला त्याचा उगम लिहून ठेवते: कॅमेऱ्यानं पाहिलेलं, साक्षीदारानं सांगितलेलं, कागदावरचं, आणि आपला तर्क. संकलन संपल्यावर तर्काचे तुकडे एका बाजूला काढायचे. ते साक्षीच्या आवाजात बोलत असतील तर कापायचे, नाहीतर तर्क म्हणून उघड सांगायचे. सातबारा, फेरफार, आरक्षण उठवल्याचा ठराव, सभेचं इतिवृत्त यांच्या तारखा एका ओळीत लावा. बऱ्याचदा फिल्मची रचना तिथेच सापडते, कारण ठराव आधीचा की खरेदीखत आधीचं, यातच सगळं असतं. आणि गावातला जो दुष्ट आहे असं तुम्हाला वाटतं, त्याला पडद्यावर दुष्ट दाखवण्यात वेळ घालवू नका. त्याच्याकडे कागद कसा पोचला ते दाखवा. दाखवण्याआधी वकिलाच्या नजरेखालून घालायला विसरू नका. बदनामीच्या खटल्यातून रोझी सुटले, पण तो लढवायला लागणारी ताकद प्रत्येकाकडे नसते.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून नाही. तुम्ही बाहेरून जाल, चित्रीकरण कराल आणि परत याल. तुम्हाला कागद काढून देणारा स्थानिक पत्रकार, तलाठी कार्यालयातली ओळख, बोलायला तयार झालेली शेतकरी बाई, ही माणसं तिथेच राहणार आहेत. दे माउरो पालेर्मोतच राहत होते. त्यांच्या अपहरणाच्या खटल्यात २०११ मध्ये माफियाप्रमुख तोतो रीना निर्दोष सुटला, आणि शिक्षा आजवर कोणालाही झालेली नाही. म्हणून पहिल्या मुलाखतीआधीच प्रत्येकाशी स्वतंत्र बसून ठरवा: नाव द्यायचं का, चेहरा दाखवायचा का, आवाज बदलायचा का, आणि फिल्म कुठे दाखवली तर त्यांना चालेल. ते लेखी घ्या, आणि फिल्म पूर्ण झाल्यावर दाखवून पुन्हा विचारा. मधल्या काळात त्यांचं मत बदललं असेल, तर तो तुकडा काढा.